गाडी काढली कुणी?

आमच्या घरात ताटं दोन आणि खाणारी तोंडं सात. नंबर लावायचं काम मल्लूकाकांकडं. हात आडवा धरून ते म्हणायचे, "तू सायडिंगला थांब. थोरला उठल्याबिगर तुला लाईन न्हाय." हात खाली आला की पुढच्यानं ताटावर बसायचं. कधी लाईन मिळायची, पण तोवर भाकरी संपलेली असायची.

काका म्हणजे माझे चुलते. त्यांना मूलबाळ नव्हतं. वडील वारल्यावर आम्हा भावंडांना त्यांनीच वाढवलं. निजामाच्या राज्यात, तेरजवळच्या एका लहान स्टेशनात ते सांधेवाले होते. मुक्कामाच्या छोट्या गाडीचे डबे सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभे असत. सकाळी इंजिन येऊन जोडलं जाई, काका दांडा ओढून रुळांचा सांधा बदलत, हिरवं निशाण दाखवत, तेव्हा कुठं गाडी फलाटाला लागे. सगळे सलाम मात्र गाडीचे ड्रायव्हर करीमभाई यांना. काका जळून कोळसा!

"करीमभाईनं गाडी टायमावर आणली," असं कुणी म्हटलं की काका लगेच विचारत, "आणली खरी. पर काढली कुणी?"

एका दसऱ्याला इंजिनाला झेंडूचा हार पडला. काकांनी गुपचूप सांध्याच्या दांड्यालाही घातला. तो शेळीनं खाल्ला. "शेळी करीमभाईचीच," काका म्हणाले. करीमभाईंकडं शेळी नव्हती.

करीमभाईंचा भाऊ लढाईवरून परतला. विलायतेत जमिनीखालून गाडी पळते म्हणे! करीमभाई फलाटावर रंगवून सांगत होते, माणसं आ वासून ऐकत होती. काकांचं तोंड उतरलं. मग एकदम म्हणाले, "काम संपल्यावर ती गाडी निजती कुठं?"

"ऊपर, शेड में."

"मंग सकाळी तिला भुयारात घालतंय कोण? सांधेवालाच की!"

त्या दिवशी काका शीळ घालत घरी आले.

मी मॅट्रिक झालो. सोलापूरला कॉलेजात जायचं ठरलं. गावभर एकच बोलणं: मल्लूचं पोरगं करीमभाईच्या गाडीनं चाललं. काकांनी ताट सरकवलं. "वाढवलं म्या, आन् न्हेणार त्यो?"

"मग घ्या खांद्यावर अन् जावा सोलापूरला," काकू म्हणाली.

निघायच्या सकाळी काका माझी ट्रंक उचलून फलाटाऐवजी सायडिंगकडं वळले. रिकाम्या डब्यात मला बसवलं. तिथं उतारू बसवायला सक्त मनाई.

करीमभाई इंजिनातनं ओरडले, "मल्लू, मास्तर देखे तो नौकरी जाती!"

"जाऊ द्या. हितनं फलाटापतोर पोरगं माझं हाय. म्होरं तुमी न्ह्या."

करीमभाईंनी गाडी इतकी हळू घेतली, की सांधा बदलून, निशाण दाखवून काका माझ्या खिडकीला हात लावून चालत आले. फलाट आला तसा त्यांनी हात काढला.

"जा. लाईन मिळाली."

मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. गाडी काकांनी काढली होती.