बँकॉकमध्ये राहिलेल्या भुवया

मंगरूभाऊंना कुणी काही समजावून सांगितलं, असं कधी झालं नाही. कारण ते कुणाला बोलूच देत नसत. साकोलीला पाटबंधारे खात्यात ते हेडक्लार्क होते. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा तिकडे होणारी बदली त्यांनी म्हणे नुसत्या बोलण्याने परतवली होती. साहेबांनी कंटाळून सही केली असावी, असा त्यांच्या पत्नीचा, मालनबाईंचा, कयास होता. डोक्यावर एक केस नव्हता, पण भुवया अशा दाट की माणसाची नजर आधी तिथंच जाऊन अडके. मंगरूभाऊंना त्यांचा फार अभिमान.

मुलगा संघपाल मेलबर्नला. त्याला मुलगी झाली आणि नातीला बघायला दोघं निघाली. सामान भरताना मालनबाईंनी घरी पाडलेल्या काजळाची डबी आत ठेवली, बाळाला तीट लावायला. मंगरूभाऊंनी ती बाहेर काढली आणि अंधश्रद्धेवर भाषण दिलं. मालनबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि डबी आपल्या पर्समध्ये टाकली.

वाटेत बँकॉकला एका रात्रीचा मुक्काम होता. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी. हॉटेलात पाठ टेकावी, हा मालनबाईंचा विचार जागच्या जागी फेटाळला गेला.

"बुद्धाले मानणारा देश आहे हा," मंगरूभाऊ म्हणाले. "मले पाली येते. टॅक्सी कायले पायजे? पायदल फिरू."

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला एवढं चालवलं की नागझिऱ्याच्या वाघानेही रिक्षा केली असती. एकच नदी तीनदा दाखवली, दर वेळी नवीन म्हणून.

सकाळी ते विहारात जाताना घालतात तसे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून निघाले. एका वळणावर बुद्धविहार लागला. अंगणात पांढऱ्या कपड्यातली पोरं ओळीने बसलेली, लाउडस्पीकरवर पाली गाथा चाललेल्या. मंगरूभाऊंना भरून आलं. मालनबाईंना चपला सांभाळायला फाटकाजवळच्या बाकावर बसवून ते थेट पहिल्या ओळीत जाऊन बसले.

पोरांची मुंडणं चालली होती. हे चीवर घेऊन भिक्खू होणार, हे मंगरूभाऊंनी लगेच ओळखलं. साकोलीच्या श्रामणेर शिबिरात त्यांनी सगळं पाहिलं होतं. आपल्या डोक्यावर वस्तऱ्याला काहीच काम नाही, तेव्हा आपण पाहुणे, असा त्यांनी साधा हिशेब केला. एका कार्यकर्त्याने येऊन थाई भाषेत काहीतरी विचारलं. मंगरूभाऊ हात जोडून म्हणाले, "साधु, साधु." मग त्यांनी खड्या आवाजात त्रिसरण म्हटलं. ते ऐकून एक वयोवृद्ध भिक्खू प्रसन्न होऊन समोर आले आणि त्यांनीही काहीतरी विचारलं. पुन्हा "साधु, साधु." भिक्खूंचा हात कपाळाकडे आला, तेव्हा आशीर्वाद घ्यायला मंगरूभाऊंनी डोळे मिटले.

तिथे भुवयाही उतरवतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा समोर एक आजी कमळाचं पान धरून उभी होती, आणि पानावर त्यांच्या दोन्ही भुवया होत्या.

ते ओरडणार, तोच ढोल वाजला आणि दोन धट्ट्याकट्ट्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मिरवणूक फाटकाजवळून गेली तेव्हा मालनबाईंनी त्यांना ओळखलंच नाही. मग आवाज ओळखला.

"अवो संघपालचे बाबा, तुमी काहून चढले तिकडं?"

मंगरूभाऊ वरून पालीत मदत मागत होते. मालनबाईंना पाली येत नव्हती. त्यांनी मोबाइलवर आजीला नातीचा फोटो दाखवला आणि हात पसरून विमान उडवलं. आजी एवढी हसली की तिला बसावं लागलं. मंगरूभाऊंना खाली उतरवण्यात आलं, हातात केळी देण्यात आली आणि टॅक्सीत बसवण्यात आलं.

टॅक्सीच्या आरशात त्यांनी स्वतःला पाहिलं, मग पासपोर्टवरचा फोटो पाहिला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच गप्प बसले. मग बारीक आवाज आला, "मालन, हा मी नोहो म्हणतील ना ते? नातीले पाहाले भेटन ना मले?"

मालनबाईंनी पर्समधून डबी काढली.

"हलू नका. अंधश्रद्धा लावून राहिली मी. अन् पुसू नका, ते वाळत नाही."

मध्येच टॅक्सीला खड्डा लागला आणि डावी भुवई जरा वर गेली. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने फोटो पाहिला, माणूस पाहिला, परत फोटो पाहिला. फोटोत मंगरूभाऊ रागावलेले होते, समोर चकित झालेले. शेवटी पासपोर्टवर शिक्का पडला.

मेलबर्नला संघपालने बाळ मंगरूभाऊंच्या हातात दिलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मायेने नातीच्या कपाळाला आपलं कपाळ टेकवलं आणि डोकं वर केलं. बाळाच्या कपाळावर काळी, टपोरी तीट उमटली होती.

"बाबा," संघपाल चाट पडून म्हणाला, "तुम्ही लावली?"

मंगरूभाऊंनी तोंड उघडलं. पण त्याआधीच मालनबाईंनी हात जोडले.

"साधु, साधु," त्या म्हणाल्या.