दुसरा लिंडर

अहमदपुरात चन्नबसप्पांच्या दालमिलवर डाळ निवडायची नवी मशीन बसवायला जर्मनीहून योखेन लिंडर नावाचे एक गृहस्थ आले. शाळेत खेळ शिकवणाऱ्या सोमेश सरांनी ते नाव सहज मोबाइलवर टाकलं आणि ते उडालेच. जर्मनीत अकरा वर्षं फुटबॉलचा मिडफिल्डर, तीनशे बारा सामने, एकोणीस गोल! फोटो जुना, धूसर होता. सरांनी खात्री करून घेतली नाही, याचा त्यांना पुढं फार पस्तावा झाला.

पण तेव्हा घाई होती. चन्नबसप्पाच शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि त्यांना फुटबॉल बंद करायचा होता.

"कोन खेळायलंय सर? नांदेडात नऊ गोल खाऊन आली आपली पोरं."

"अप्पा, जर्मनीचा एवढा मोठा खेळाडू तुमच्याच मिलमधी हाय!"

"आसं? मंग सत्कार करून टाका उद्या!"

दुसऱ्या दिवशी मैदान गच्च भरलं. शाल-श्रीफळ झालं. काय चाललंय ते लिंडरना उमगेना. ते नुसते हसत होते. सरांनी माइकवर त्यांची कारकीर्द वाचायला घेतली. "एकेचाळीस पिवळी कार्डं!" म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

अप्पा कानाशी लागले, "पिवळी म्हंजी रेशनची? लई गरिबी होती का हो बिचाऱ्याच्या घरी?"

तेवढ्यात इंग्रजीच्या दामिनी बाईंनी ते सगळं लिंडरना समजावलं. त्यांचं उत्तर ऐकून बाईंचा चेहरा पडला. "सर, हे ते न्हाईत. खेळाडू दुसरा लिंडर हाय."

माइक चालूच होता. सगळं मैदान खो खो हसलं. सरांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अप्पा उठून निघालेच होते, तोच लिंडर बोलू लागले. बाई एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या.

"आमच्या गावच्या संघात एकाच नावाचे आम्ही दोघं होतो. दोघंही मिडफिल्डर. मोठ्या क्लबचं निवडीचं पत्र आलं, त्यावर नुसतं नाव. पोस्टमननं ते त्या दुसऱ्याच्या घरी टाकलं. पत्र नेमकं कुणाचं, हे मी कधी विचारलंच नाही."

"का बरं?" अप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"भीती वाटली. त्याचंच निघालं असतं तर?"

मग लिंडर बूट काढून अनवाणीच पोरांत उतरले. साठीकडं झुकलेला तो माणूस दम लागेस्तोवर खेळला. चेंडू जिथं धाडायचा तिथंच जात होता. अप्पा बराच वेळ बघत उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या सर फुटबॉल. आजून एक साल."

पण सरांच्या जिवाला चैन नव्हती. सत्काराला आलेल्या वार्ताहरानं तर सरांचं भाषण संपायच्या आतच बातमी धाडून दिली होती. दुसऱ्या दिवशी ती फोटोसकट छापून आली: 'जर्मन फुटबॉलपटू लिंडर यांचा सत्कार'. सर पेपर घेऊन बाईंसह मिलवर गेले.

"माफी मागतो म्हनावं. उद्या दुरुस्ती छापायला सांगतो."

लिंडरनी पेपरावर हळूच हात फिरवला आणि मान हलवली.

"नको म्हणतात," बाई म्हणाल्या. "त्यांना हा पेपर आईला न्यायचा हाय. ते निवडीचं पत्र आपल्याच पोराचं होतं, असं ती अजून म्हणते."