शिडी नको, सापच बरा

वैशालीबाईंनी वर्गात सापशिडी आणली ती मुलांच्या इंग्रजीसाठी, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं त्यांच्या गुडघ्यांसाठी होतं. मुख्याध्यापक हरिहर सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "काहीतरी नवीन उपक्रम दाखवा, नाहीतर घरोघरीच्या सर्वेक्षणाला यंदाही तुमचंच नाव जाईल." कळव्यातल्या बिनलिफ्टच्या चार मजली इमारती बाईंनी गेल्या वर्षी चढून पाहिल्या होत्या. चौथ्या मजल्यावरचा माणूस पाणी विचारायच्या आधी 'काय विकताय?' विचारायचा.

मग कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा उतरवलेला फ्लेक्स बाईंनी पैदा केला आणि भाऊंना पालथं घालून त्यांच्या पाठीवर शंभर घरं आखली. सोंगट्या म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, फासा पुठ्ठ्याचा. नियम सोपा होता. शिडी लागली की इंग्रजीत पाच वाक्यं बोलायची, मगच वर चढायचं. सापाने गिळलं की एकच वाक्य, 'सॉरी, आय ॲम गोइंग डाउन', आणि खाली.

पाचवीचीच पोरं ती, पण दुसऱ्या दिवशीच त्यांनी मेख ओळखली. एका वाक्यात सुटका होत असेल तर पाच वाक्यांच्या फंदात पडतंय कोण? जो तो सापाच्या तोंडाकडे धावू लागला. एरवी साप चुकवायला फासा हळूच बोटाने उलटवतात, इथे साप गाठायला उलटवू लागले. अंतराला शिडी लागली तेव्हा ती रडली आणि मैत्रिणींनी तिची समजूत घातली. आठवडाभरात एकही जण शंभरावर पोचला नाही. आणि गुरुवारी केंद्रप्रमुख दामले साहेब उपक्रम पाहायला येणार होते.

"अरे, एकाने तरी शिडी चढा रे! साहेबांसमोर माझी लाज काढाल."

"बाई, टेन्शन नका घेऊ," वर्गाचा पुढारी राजरत्न म्हणाला. "सापाचं वाक्य सगळ्यांचं एकदम कडक बसलंय."

ते मात्र खरं निघालं. साहेबांसमोर दहा मिनिटांत तीस पोरं खणखणीत इंग्रजीत खाली गेली.

"वा! काय अस्खलित बोलतात हो!" साहेब खूश झाले. "आम्ही दहावीपर्यंत तोंड उघडलं नव्हतं." आणि खुशीच्या भरात त्यांनी स्वतःच फासा टाकला. चार पडले. शिडी!



"सर, फाइव्ह सेंटेन्सेस. माय स्कूल," अंतराने आठवण करून दिली.

साहेबांनी घसा खाकरला. "माय स्कूल..." रुमाल काढला. "माय स्कूल इज... माय स्कूल."

साहेबांसोबत आलेले हरिहर सर खिडकीबाहेर बघू लागले. बाईंना डोळ्यांपुढे चार मजले दिसायला लागले.

राजरत्न साहेबांच्या कानाशी गेला. "सर, पुढच्याच घरात साप आहे. सरका ना एक घर. आम्ही पण तेच करतो."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, अंगठ्याने झाकण एक घर पुढे ढकललं आणि गरजले, "सॉरी, आय ॲम गोइंग डाउन!"

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला, 'प्रत्येक मूल न घाबरता इंग्रजी बोलते.' बाईंचा जीव भांड्यात पडला.

"मॅडम, आता सोमवारी वागळे इस्टेटच्या हॉलवर या," साहेब पेन खिशाला लावत म्हणाले. "दोनशे शिक्षक जमणारेत. तुम्ही तासभर या उपक्रमावर बोलायचं. संपूर्ण इंग्रजीत हं."

बाईंनी हळूच विचारलं, "आणि... नाही जमलं तर, सर?"

"मग काय, सर्वेक्षणाला माणसं कमी आहेतच."

बाईंनी एकदा गुडघ्यांवरून हात फिरवला. समोर अंतरा त्यांच्याकडे बघत होती. शिडी लागलेल्या माणसाचं दुःख तिच्याइतकं वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं.

"सॉरी सर," बाई म्हणाल्या, "आय ॲम गोइंग डाउन."

आणि सर्वेक्षणाचे फॉर्म घ्यायला त्या ऑफिसकडे निघाल्या. पोरं टाळ्या वाजवत होती.