गेटमधलं समोरचं घर

सुपडू नानांनी फोनवरच्या चित्रात गेटच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "बाकी बठ्ठं बरं शे. पन हाई चमक माले जोयजे."

धुळ्याच्या प्रेमराज मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये त्या वेळी वेल्डिंग बंद होतं, म्हणून हे वाक्य सगळ्यांना नीट ऐकू आलं. पुढे जे झालं ते पाहता, वेल्डिंग चालू असतं तर बरं झालं असतं.

चित्र ज्योतीने केलं होतं. ज्योती म्हणजे प्रेमराजभाऊंची मुलगी. आजवर या वर्कशॉपमध्ये गेटचं डिझाइन म्हणजे प्रेमराजभाऊंनी फरशीवर खडूने मारलेल्या चार रेघा. गिऱ्हाईक त्या रेघांकडे बघून 'हां' म्हणायचं आणि गेट लागल्यावर 'मी असं कुठे सांगितलं होतं' म्हणायचं. ज्योती ग्राफिक्सचा कोर्स करून आली आणि तिने कॉम्प्युटरवर स्टील बनवायला घेतलं. करड्या रंगाचा चौकोन घ्यायचा, त्यावर ठिपके भुरभुरायचे, मग ते एका दिशेने फरफटत न्यायचे, की बारीक रेघांचा स्टीलचा पत्रा तयार. त्यावर गडद-फिकट पट्टे चढवायचे आणि शेवटी प्रकाश सोडायचा. मग हे गेट तिने सोनगीरच्या नानांच्या घराच्या फोटोत नेऊन बसवलं. खुद्द प्रेमराजभाऊ ते बघून म्हणाले, "हे कधी लावून आलो आपण?"

एवढं कौतुक केलं तरी बापाची एक अट होतीच. ज्योतीच्या मामाने पुण्यात तिच्यासाठी कॉल सेंटरची नोकरी बघून ठेवली होती आणि ज्योतीला जायचं नव्हतं. तिला इथेच, लोखंडाच्या वासात बसून चित्रं करायची होती. शेवटी प्रेमराजभाऊ म्हणाले, "एक गेट. तुझ्या चित्रावरून केलेलं गेट गिऱ्हाइकाने पास केलं, तर राहा. नाही केलं, तर पुढच्या सोमवारी पुण्याची गाडी." ते एक गेट म्हणजे नानांचं.

गेट तयार झालं. ट्रकमधून सोनगीरला गेलं, बिजागऱ्यांवर बसलं, एका बोटाने ढकललं तरी हलायला लागलं. नाना हातात फोन घेऊन गल्लीत उभे राहिले. एकदा चित्र बघायचे, एकदा गेट. रेघा जुळल्या, कडी जुळली. मग बोट पुन्हा डाव्या वरच्या कोपऱ्यावर गेलं.

"चमक कोठे शे?"

"नाना, ती उन्हाची चमक आहे," ज्योती म्हणाली.

"मंग ऊन पाड."

इथे एक अडचण होती. कॉम्प्युटरमधला सूर्य कायम डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो. त्याला सकाळ नाही, संध्याकाळ नाही. नानांचं घर मात्र उत्तरेला तोंड करून होतं. बांधल्यापासून त्याच्या दारावर ऊन म्हणून नीट पडलं नव्हतं.

"नाना, सूर्य काही मी वर्कशॉपात बनवत नाही," प्रेमराजभाऊ म्हणाले.

नानांचीही बाजू ऐकायला हवी. त्यांचा मुलगा स्वप्नील, त्याच्या लग्नाची बोलणी करायला रविवारी भुसावळहून मुलीकडचे येणार होते आणि नानांनी हौसेने ते चित्र आधीच तिकडे पाठवून दिलं होतं. तिकडून उत्तर आलं होतं, 'गेट फारच चकचकीत आहे.' आता चकचकीत म्हटल्यावर चकचकीत दाखवायला नको? लग्नाच्या बोलणीत पहिली वस्तूच खोटी निघाली, तर पुढे मुलगा खरा मानतील का, अशी नानांना काळजी लागली होती. ती काही अगदीच वेड्यासारखी नव्हती.

प्रेमराजभाऊंनी हाताने चालवायचं बफिंगचं मशीन आणलं. दिवसभर घूं घूं चाललं. बारीक रेघा गेल्या, पत्रा आधी गुळगुळीत झाला, मग पाण्यासारखा, आणि संध्याकाळपर्यंत गेटचा आरसा झाला. प्रेमराजभाऊंच्या भुवया काळ्या भुकटीने भरल्या होत्या, पण चेहऱ्यावर समाधान होतं. नाना समोर येऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

गेटमध्ये चमक होती, फक्त त्या चमकेत लीलाधर आबांचं घर होतं.

लीलाधर आबा म्हणजे नानांचे थोरले सख्खे भाऊ, गल्लीच्या पलीकडे बरोब्बर समोर राहणारे. दोघांचं बोलणं बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. भांडण गल्लीतल्या गटारीवरून झालं होतं. पुढे ग्रामपंचायतीने ती गटार काँक्रीटने बुजवली; भांडण मात्र उघडंच राहिलं. नाना ओट्यावर बसत ते समोरच्या घराकडे पाठ करून. आणि आता त्याच घराचा पोपडे निघालेला ओटा, दोरीवरचं धोतर, तुटक्या नवारीची खाट आणि खाटेवर नुसत्या बनियनमध्ये बसून शेंगा फोडणारे आबा, हे सगळं त्यांच्याच गेटमध्ये येऊन बसलं होतं. आबांचं घर दक्षिणमुखी, त्यामुळे त्यावर दिवसभर लख्ख ऊन. एकही पोपडा दिसायचा राहत नव्हता.

आबांनाही ते दिसलं. ते खाट सोडून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेले, तर गेटमधले आबाही गेले. गल्लीतून जाणारे लोक गेटसमोर थांबून केस सारखे करत आणि जाता जाता आबांच्या दोरीवरचं धोतर न्याहाळत. भावाने मुद्दाम आपली अब्रू गेटवर छापली, अशी आबांची खात्री झाली. आता भावाशी बोलायचं तर नाही. मग त्यांनी म्हैस सोडली आणि गल्लीतल्या खांबाला, गेटच्या ऐन समोर आणून बांधली.

म्हशीने गेटमध्ये बघितलं. आत दुसरी म्हैस होती. जन्मात पहिल्यांदा तिला कोणीतरी आपल्यासारखं भेटलं होतं. तिने नाक पुढे नेलं, दुसरीनेही नेलं. मग तिने गेट चाटायला सुरुवात केली. संध्याकाळी आबा तिला न्यायला आले तर ती जागची हलेना. धार काढायची ती तिथेच, गल्लीत बसून काढावी लागली.

शुक्रवारी प्रेमराजभाऊ आणि ज्योती गेट पास करून घ्यायला आले, तेव्हा नाना फडक्याने लाळ पुसत होते.

"चित्रमा म्हैस नव्हती," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, रडवेला होता. "परवा पाव्हना येतीन. त्यास्ले म्हैस दखाडू का मी? काढी टाका हाई गेट."

त्यांची बायको तानुबाई ओट्यावरून म्हणाली, "म्हैस तरी बरी. तिले गेट आवडनं."

नानांनी बायकोकडे बघितलं आणि पुन्हा फडकं मारायला लागले. प्रेमराजभाऊ बाजूला गेले, खिशातून फोन काढला आणि मेहुण्याला म्हणाले, "हां, सोमवारी येतेय ती. खोली बघून ठेव." ज्योतीने ते ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते बाहीने पुसून टाकलं, कारण गेटमध्ये ते डबल दिसत होतं.

पुसता पुसता तिचं लक्ष गेटकडे राहिलं. कॉम्प्युटरवर असं झालं असतं, तर तिने चमकेला हातच लावला नसता. चमक बरोबर होती, चुकलं होतं ते चमकेत पडलेलं दृश्य. तिने गेटचा फोटो काढला, लॅपटॉप काखेत मारला आणि गल्ली ओलांडून आबांच्या ओट्यावर चढली.

"तू त्यानी मानूस ना?" आबांनी विचारलं.

"मी गेटची माणूस, आबा. इथे जरा बसू?"

"बस. बठ्ठा गाव देखी ऱ्हायना, तू बी देख."

ज्योतीने मांडी घातली. फोटोतल्या गेटमधल्या घराचे पोपडे तिने एकेक करून बुजवले. धोतर उचललं. भिंतीला फिकट पिवळा रंग दिला. खाटेवर चादर टाकली आणि आबांना पांढरा सदरा चढवला, डोक्यावर टोपी ठेवली. मग सगळ्यावर स्टीलची झाक ओढून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

आबांनी स्क्रीनवर वाकून बघितलं. शेंगा हातातच राहिल्या.

"हाऊ कोन शे?"

"तुम्ही."

"आनि हाई कोनं घर?"

"तुमचंच. नानांच्या गेटमधलं."

आबांनी स्क्रीन जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "त्याना दारमा पाय ठेवाव नही, अशी शपथ लियेल व्हती मी. मायना नावनी. आनि दिनभर मी त्यानाच दारमा बठेल शे." त्यांनी ज्योतीकडे बघितलं. "मोडनी ना मंग शपथ?"

"मोडली ना, आबा. गेट घासलं तेव्हाच मोडली. आणि तुम्ही तर जागेवरून हललाही नव्हता."

आबांनी मान डोलावली. इतकी वर्षं सांभाळलेली शपथ आपली काहीही चूक नसताना मोडली, याचं त्यांना दुःख झालं असेल असं वाटेल, पण माणूस चक्क हलका दिसत होता.

"टोपी काढ," ते म्हणाले. "फेटा दे."

शनिवारी सकाळी आबांच्या घराला रंग लागायला सुरुवात झाली. म्हशीला ओढून ओढून मागच्या गोठ्यात नेलं. नाना नेहमीप्रमाणे समोरच्या घराकडे पाठ करून गल्लीत उभे होते, गेट पुसत. पण पाठ केली म्हणून काय झालं, पुढे गेट होतं. त्यात शिडी दिसली, रंगारी दिसला, खाली कमरेवर हात ठेवलेला भाऊ दिसला. बराच वेळ नानांनी कळ काढली. शेवटी राहवेना. वळले नाहीत, गेटकडे बघूनच म्हणाले, "तो खालना कोपरा ऱ्हाई गया."

रंगाऱ्याने ब्रश थांबवला.

आबांनीही नानांकडे बघितलं नाही. तेही गेटकडेच बघत म्हणाले, "दिसस माले."

"मंग लाव ना रंग."

"लावस. तुना गेटले उजव्या हातले बोटस्ना डाग शेतस, ते पुस पहिले."

नानांनी डाग पुसले. संध्याकाळपर्यंत दोघं असेच गेटशी बोलत होते. कोणी कोणाचं तोंड बघितलं नाही, त्यामुळे अबोला नियमाप्रमाणे चालूच होता.

रविवारी प्रेमराजभाऊ ज्योतीला घेऊन भल्या सकाळी आले. गेटवर शेवटचा हात फिरवला. फिकट पिवळं घर गेटमध्ये असं उतरलं होतं की चित्र काय करील. नानांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि गेटच्या बाजूला उभे राहिले, म्हणजे पाहुण्यांच्या आणि गेटच्या मध्ये काही येऊ नये.

भुसावळची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. त्याबरोबर तानुबाई लगबगीने बाहेर आली आणि तिने गेटची दोन्ही दारं बाहेर ढकलून सताड उघडी केली. लखलखीत बाजू दोन्हीकडे भिंतींना जाऊन चिकटली. दिसायला बोटभरही चमक राहिली नाही.

"अवं, काय करी ऱ्हायनी?" नाना तिच्याकडे धावले.

"गेट बंद करीसन कोनी पाव्हनास्ले बलावस का?" तानुबाई म्हणाली. इतक्या जणांनी इतके दिवस गेटचा विचार केला, पण पाहुणे आल्यावर गेटचं काय करतात हे फक्त तिला आठवलं होतं.

पाहुणे आले, ओट्यावर बसले, चहा झाला. नाना एकदा हळूच गेट लोटायला उठले, तर मुलीचे वडील रुपचंदभाऊ म्हणाले, "असू द्या उघडं. छान वारा येतोय." मग उघड्या गेटमधून त्यांची नजर पलीकडे गेली. "नवा रंग दिलेला दिसतोय. कोणाचं घर?"

नानांनी कप खाली ठेवला. "मना मोठा भाऊनं."

"सख्ख्या भावाचं? मग ते कुठे आहेत? ते असताना सुपारी तुम्ही कशी फोडणार?"

नाना उठले. कोणाला काही न सांगता उघड्या गेटमधून बाहेर पडले, गल्ली ओलांडली आणि इतक्या वर्षांनी भावाकडे तोंड करून उभे राहिले. आबा फेटा बांधून, पायात वहाणा घालून तयारच बसले होते. "भाऊ, चाल," एवढंच ते म्हणाले. आबा उठले आणि त्यांच्याआधी गल्ली ओलांडून गेले.

सुपारी आबांच्या हाताने फुटली. पाहुणे पेढे खाऊन, समाधानाने गाडीत बसून गेले. गेटबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. प्रेमराजभाऊ घसा खाकरून पुढे आले.

"नाना, मग गेट पास?"

नाना उघड्या गेटकडे बघत म्हणाले, "कोनी देखं त्याले? पन मना भाऊ आते याच गेटमाईन आत उना. पास शे."

प्रेमराजभाऊंनी तिथेच फोन लावला. "सोमवारी नाही येत ती," ते मेहुण्याला म्हणाले. "नाही, त्याच्या पुढच्याही नाही. खोली दुसऱ्या कोणाला दे." ज्योती भिंतीकडे वळून गेटची कडी उगाच तपासत राहिली, तिला हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात आबा फेटा सावरत तिच्याजवळ आले. त्यांनाही गेट हवं होतं. अगदी असंच, लखलखीत.

"पहिले चित्र दखाड," ते म्हणाले. "त्यामा सुपडूले बसाड. खुर्ची मनाकडे तोंड करीसन."

"करते, आबा. पण एक सांगते. दोन्ही गेटं समोरासमोर चमकायला लागली, की तुमच्या गेटमध्ये त्यांचं घर, त्यात पुन्हा तुमचं, त्यात पुन्हा त्यांचं, असं आत आत दिसतच राहणार. मी चित्रात किती वेळा काढू? त्याला शेवटच नाही."

आबांनी समोर बघितलं. नाना ओट्यावर त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची मांडत होते.

"मंग ऱ्हाऊ दे ना," आबा म्हणाले. "आते कोठे घाई शे."