डाव्या पायांचा संघ

मुंबईच्या साहेबांचा डावा बूट थेट पुढे उभा करावा की जरा मागे ओढून मध्यात ठेवावा, या विवंचनेत बद्रीनाथ कंप्युटर रूमच्या दाराबाहेर फरशीला गाल लावून आडवा झाला होता. खरे तर त्या घटकेला त्याने काळजी करायची होती ती स्वतःच्या नोकरीची आणि लग्नाची. पण ती काळजी तो सकाळी पडेगावहून निघतानाच करून आला होता, आणि एकदा केलेले काम पुन्हा करायचे नाही हा त्याचा जुना शिरस्ता होता.

कंपनी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग बनवायची. बद्रीनाथ तिथे स्टोअर्समध्ये टेम्पररी कारकून होता. कंपनीत कंप्युटर नुकताच आला होता आणि त्याचे सोवळे देवघरापेक्षा कडक होते. त्याला एसी, त्याला पडदे, त्याला मखमली खोळ. धूळ जाऊ नये म्हणून बाहेरच्या बोळाच्या खिडक्यासुद्धा पत्रे ठोकून बंद केलेल्या. आत जायचे तर पादत्राणे बाहेर काढायची, मग तो हेल्पर असो की मालक. बद्रीनाथचे टेबल त्या बोळातच असल्यामुळे पादत्राणांवर नजर ठेवायचे कामही त्याच्याच गळ्यात पडले होते. आपल्या बी.कॉम.चा असा उपयोग होईल असे विद्यापीठाला कधी वाटले नसेल.

त्याच विद्यापीठाच्या नामांतरासाठी तेव्हा शहर रस्त्यावर उतरले होते. आज मोर्चा, उद्या बंद. रस्ता मोकळा होईपर्यंत कंपनीची बस गेटातून हलत नसे. अशाच एका अडकलेल्या संध्याकाळी कंप्युटर ऑपरेटर बन्सीने त्याला फ्लॉपीवरचा फुटबॉलचा खेळ दाखवला. बन्सी स्वतः सुट्टीच्या दिवशी मोर्चात चालायचा. चालून चालून त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो सेफ्टी पिनेने धरून ठेवलेला होता.

या खेळात पळायचे नव्हते की लाथ मारायची नव्हती. आपण संघाचे मॅनेजर. कोण मागे, कोण मध्ये, कोण पुढे एवढे ठरवायचे आणि बटण दाबून गप्प बसायचे. कंप्युटर थोडा वेळ घुरघुरायचा आणि निकाल सांगायचा. काहीही न करता मॅनेजर होता येते, असा खेळ बद्रीनाथला पहिल्यांदाच भेटला आणि तो त्याच्या कच्छपी लागला. खेळाडूंना आपली नावे देता येत. गोलकीपर त्याने आपल्या आईला, म्हाळसाबाईला केले, कारण तिच्या तावडीतून घरातली सुईसुद्धा बाहेर जात नसे. बचावात कडूबामामा, कारण तो एकदा बसला की हलायचा नाही. आणि गोल मारायला सगळ्यांच्या पुढे, अर्थातच, बद्रीनाथ.

तरी बन्सीच्या संघाकडून तो रोज सडकून मार खायचा. पुढे माणसे वाढवली की मागे खिंडार पडायचे. मागे वाढवली की पुढे एकटा बद्रीनाथ उरायचा, आणि पडद्यावरचा बद्रीनाथ खऱ्याइतकाच बिनकामाचा होता.

"अबे, तुझ्या टीमला बॅलन्सच नाय," बन्सी म्हणायचा. "सगळेच्या सगळे एका अंगाला. वरात निघाली का काय?"

वरातीचा विषय बद्रीनाथला नाजूक होता. पैठणच्या पुंजारामची चतुरा त्याला पसंत होती, तिलाही तो पसंत होता. पण पुंजारामने पाचर मारून ठेवली होती, "पोरगा नोकरीत कायम होऊ द्या, मंगच हळद." कायम करणे वर्क्स मॅनेजर वैजापूरकरांच्या हातात होते. त्यांनी सांगितले होते, "मुंबईचे साहेब येऊन जाऊ द्या. त्यांच्यासमोर सगळं शिस्तीत पार पडलं, की त्याच दिवशी तुमची ऑर्डर काढतो." बंदमुळे साहेबांचे येणे दोनदा हुकले होते. आज ते आले होते.

आणि आजच, बसमध्ये, बद्रीनाथला ती मांडणी सुचली होती. चार मागे, चार मध्ये, दोन पुढे, आणि मधल्या चौघांतला एक जण वेळ पडेल तसा खाली-वर करणारा. बन्सीचा संघ यापुढे पाणी मागणार नव्हता. पण करून बघायची कशी? कंप्युटरसमोर सगळे साहेब बसले होते.

तो कँटीनमधून चहाची किटली घेऊन परत आला तेव्हा दार बंद होते. चहा आत न्यायची बंदी, म्हणून किटली टेबलावर ठेवून त्याने सवयीने जोड मोजले. दहा होते. त्यात एक जोड जाडजूड, नालाच्या, शेणामातीने भरलेल्या वहाणांचा होता. कुणा कंत्राटदाराच्या असतील म्हणून त्याने सोडून दिले. मग त्याची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. दहा आणि एक अकरा.

बद्रीनाथच्या अंगावर काटा आला. अकरा डावे आणि अकरा उजवे! तोलामोलाचे दोन संघ आयते त्याच्या पुढ्यात येऊन पडले होते. आतून खुर्च्या सरकल्या की झटकन जोड लावून टाकू, असे त्याने मनाला बजावले. मनाने लगेच ऐकले. असल्या बाबतीत ते कधीच वाद घालत नसे.

डाव्यांचा संघ दाराकडे, उजव्यांचा जिन्याकडे. जिन्याजवळच्या वाळूच्या दोन लाल बादल्या म्हणजे एक गोल, उंबरठा म्हणजे दुसरा. मशीन पुसायच्या चिंध्यांचा बोळा म्हणजे चेंडू. बन्सीची पिनवाली चप्पल गोलकीपर झाली. नालाची वहाण बचावात गेली, तिला ओलांडायची कुणाची छाती होती! शेणामुळे मैदान खराब होईल म्हणून त्याने ती रुमालाने पुसली. मग एकाला पुसले आणि दुसऱ्याला नाही, असे नको म्हणून सगळ्यांनाच पुसले. मुंबईच्या साहेबांचा बूट कप्तान असल्यामुळे त्याला दोनदा. शेवटी रांग सरळ आहे का हे बघायला त्याने फरशीला गाल टेकला आणि एक डोळा मिटला.

त्याच क्षणी वीज गेली.

बोळात डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा अंधार झाला. दार उघडले आणि सगळे साहेब एकदम बाहेर लोटले.

"जरा लवकर! माझं विमान आहे!"

"साहेब, इकडून. वैजापूरकर, टॉर्च कुठे आहे?"

"आधी माझा उजवा कुठाय?"

"अहो, इथं सगळे डावेच आहेत!"

"हा कुणाचा बूट ओढतोय मी?"

"माझा, साहेब. पाय आत आहे."

बद्रीनाथ भिंतीला पाल होऊन चिकटला होता. कुणीतरी एका पायावर उड्या मारत गेले, कुणीतरी किटलीवर आपटले. कुणाचा तरी पाय कशाला तरी जोरात लागला आणि काहीतरी मऊ, हलके, फरशीवरून सरपटत जिन्याच्या दिशेने गेले. मग दिवे आले. चिंध्यांचा बोळा दोन लाल बादल्यांच्या बरोबर मधोमध विसावला होता.

"गोल!" बद्रीनाथ दोन्ही हात वर करून ओरडला.

लवंडलेल्या किटलीतला चहा टेबलावरून थेंब थेंब पडत होता. अकाउंट्सचे साहेब बगळ्यासारखे एका पायावर उभे होते. वैजापूरकरांच्या दोन्ही पायांत डावेच होते, एक त्यांचा बूट आणि दुसरी बन्सीची पिनवाली चप्पल. मुंबईच्या साहेबांनी सगळ्यांच्या पायांकडे एकदा पाहिले, आपला उजवा बूट मैदानातून उचलून डाव्यासकट काखेत मारला, आणि "शिस्त छान आहे हो तुमच्याकडे," एवढे बोलून ते मोज्यांवरच जिना उतरून गेले.

"कुणी केलं हे?" वैजापूरकरांचा आवाज चिरका झाला होता.

वीज गेली, धक्काबुक्की झाली, पसारा झाला, असे सांगता आले असते. बद्रीनाथ तेच सांगणार होता. पण तेवढ्यात मागून एक फेटेवाले गृहस्थ पुढे आले. ते पुंजाराम होते. होणारा जावई करतो काय हे बघायला ते गेटवर आले होते आणि वैजापूरकरांनी कौतुकाने त्यांना कंप्युटर बघायला आत नेले होते. मुलगी बघायला गेला तेव्हा बद्रीनाथ सगळा वेळ मान खाली घालून बसला होता. पुंजारामची पावले त्याला पाठ होती, पण घरात ती अनवाणी होती. वहाणा कशा ओळखणार?

"साहेब, म्या सांगतो कुणी केलं ते," पुंजाराम म्हणाले. "तुमच्या त्या पेटीत नुस्ते आकडे हालायले, मला काय उमजंना. म्हून दाराच्या काचंतून भायेर बघत हुतो. ह्या पोरानं एकूण एक पायताण उचललं अन् सोताच्या रुमालानं पुसलं. माझ्या शेणानं भरल्याल्या वहाणा बी! अन् मंग काय केलं, तर भुईला डोस्कं टेकवलं. तुमच्या पायताणाम्होरं! एवढी अदब शिकल्याल्या पोरांत ऱ्हायलीय व्हय आजकाल?"

"म्हणजे हे जोड फोडून मांडले ते यांनीच?"

"तर! सोताच्या डोळ्यानं बघितलं म्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय."

वैजापूरकरांनी दोन डाव्या पायांवर जमेल तेवढे ताठ उभे राहून बद्रीनाथकडे पाहिले. "तुमची ऑर्डर आज काढणार होतो मी. आता पुढच्या वर्षी बघू. बघायचं ठरलं तर."

बद्रीनाथला रडूच यायचे बाकी होते. "मामा," तो पुंजारामना म्हणाला, "मी काही कायम झालो नाही."

"नाय तर नाय! नोकरी आज हाय, उद्या नाय. दुसऱ्याच्या पायताणाला एवढं जपणारा माणूस बायकूला किती जपल! तुमच्या आईला सांगा, तारीख धरा म्हनावं."

खरे सांगून टाकावे असे बद्रीनाथला मनापासून वाटले. "मामा, ते त्याचं असं आहे, फुटबॉल..." त्याने सुरुवात केली. बन्सीने वैजापूरकरांच्या पायातून सोडवून घेतलेली आपली चप्पल त्याच्या अनवाणी पायावर ठेवली आणि पिनेसकट दाबली.

लग्न उन्हाळ्यात पैठणला लागले. तोवर नामांतर झाले होते आणि बन्सी नवी कोरी चप्पल घालून लग्नाला आला होता. पुंजारामनी ती गोष्ट सगळ्या भावकीला इतक्यांदा सांगितली होती की तीत आता जावई साहेबांच्या बुटांवर फूल वाहायला लागला होता. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मांडवाच्या दाराशी पायताणांचा ढीग बघून पुंजारामना भरून आले.

"जावईबापू, एकडाव तुमच्या हातानं लावून दावा पाव्हण्यांला!"

सगळी भावकी गोळा झाली. मुंडावळ्या बांधलेला बद्रीनाथ ढिगासमोर गुडघ्यांवर बसला. उपरण्याची गाठ शालूला बांधलेली असल्यामुळे चतुराही शेजारी बसली. तो मान खाली घालून भराभर चपला लावत गेला. बन्सीचा खोकला ऐकू आला, तरी त्याने वर पाहिले नाही.

थोड्या वेळाने गाठीला हिसका बसला.

"अहो," चतुरा हळूच म्हणाली, "सगळे डावे हिकडं अन् उजवे तिकडं काय लावायलात? जोडीनं लावा की. लोकांला घरी जायचंय."