मनकर्णाबाईच्या पुड्याचा कागद

मनकर्णाबाईला वाचायला शिकायला चार महिने लागले, आणि शिकल्यावर थांबता येईना. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची ही गोष्ट. गावोगाव प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले होते. अकोल्याच्या बाजारात ही बाई वीस वर्षं फुलं नि वांगी विकत बसलेली. तोवर समोरच्या पाट्या तिला भिंतीवरच्या डागांसारख्याच होत्या. देवीदास मास्तरांच्या वर्गात अक्षरं ओळखीची झाली आणि झालं! डोळ्यांपुढे जे येईल ते तोंडातून बाहेर पडू लागलं. मनातल्या मनात वाचणं काही तिला साधेना. एकेक अक्षर जोडत वाचायची, आणि तेही वांगी ओरडून विकायच्या आवाजात. नवरा शालिकराम म्हणे, हिच्यासोबत रस्त्यानं चालायची सोय राहिली नाही, दर दुकानापाशी थांबते.

ती मास्तरांकडे औषध विचारायला गेली. मास्तर म्हणाले, याला औषध नाही. अक्षर एकदा डोक्यात शिरलं की डोळा माणसाची परवानगी घेत नाही.

एवढ्यावर निभावलं असतं. पण फुलं बांधायची रद्दीत, आणि रद्दी यायची रहमतुल्लाच्या दुकानातून, गावभरच्या घरांतली. एका शनिवारी पंजाबराव वस्ताद मारुतीचा हार घ्यायला आले. हे आखाड्याचे वस्ताद; यांच्या मिशीकडे बघून पैलवान पोरांची दातखीळ बसायची. मनकर्णाबाईनं हारासाठी कागद ओढला, सरळ केला, आणि डोळ्यांनी आपलं काम केलं.

"श-कू… तू चां-दू-र-ले गेल्यापासून भा-क-र गोड लागत नाई. रोज सं-ध्या-का-ळी टे-श-ना-वर उ-गा-च उभा रायतो. पोरां-पुढं दंड ठो-क-तो, पण घरात आलो का र-डू येते. तु-झा पं-जा-ब."

वस्तादांची बायको शकुन तीन महिन्यांपासून रुसून माहेरी, चांदूर रेल्वेला गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टेशनाचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठंतरी एक पोरगं फिदकन हसलं आणि लगेच आखाड्याची आठवण येऊन खोकायला लागलं.

वस्तादांनी कागद हिसकला. मानेपर्यंत लाल झालेले. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट.

"मनकर्णाबाई, बाजारात पुन्हा तुमचं वाचणं आयकू आलं, तं वर्गाच्या खोलीले कुलूप."

कारण वर्गाची खोली आखाड्याची. अकरा बाया तिथं दुपारी पाट्या घेऊन बसत. पार्बताबाई स्वतःचं नाव लिहिताना नुकती 'पार्ब'पर्यंत पोचली होती. तिला अर्ध्यावर सोडायचं म्हणजे पापच. त्या सगळ्यांचं शिक्षण आता मनकर्णाबाईच्या तोंडावर टांगलेलं.

तिनं तोंडात लवंग धरली; लवंगेसकट वाचायची. आभाळाकडे बघत पुडे बांधले, तर शेवंतीऐवजी वांगी बांधून एका म्हातारीला पूजेला पाठवली. मग तिनं कागद उलटे धरायला सुरुवात केली. ही युक्ती नामी निघाली, फक्त आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी तिला उलटंही घडाघडा वाचता यायला लागलं, सुलट्यापेक्षा बरं.

शेवटी रहमतुल्लालाच दया आली. "भाभी, उर्दू अखबार घेऊन जा. एक हरफ बी समजनार नाई. आराम पडंन."

आणि खरंच आराम पडला! ती वेलबुट्टी किती का वळेना, तोंडातून हूं की चूं नाही. वस्ताद रोज सकाळी समोरच्या हॉटेलात चहा घेत कान देऊन बसायचे; इकडे शांतता. मधल्या काळात शकुन चांदूरहून परतली. का परतली, कुणाला विचारायची छाती नव्हती.

पण डोळ्याला एकदा खोड लागली की लागली. त्या कागदावरचे ठिपके मनकर्णाबाईला स्वस्थ बसू देईनात. रहमतुल्लाची बायको खातूनबी रोज मोगरा न्यायला यायची. तिला हिनं सहज विचारलं, होडीसारख्या अक्षराखाली एक ठिपका म्हणजे काय? खातूनबी म्हणाली, 'बे'. वर दोन ठिपके असले तर 'ते'. रोजच्या मोगऱ्यासोबत एक अक्षर, असं चाललं. पहिले काही दिवस ही बाई ओळीला डावीकडून भिडायची आणि कुठंच पोचायची नाही. मग डोळे उजवीकडून निघायला शिकले, आणि तिचं तिलाच कळलं नाही केव्हा शिकले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी बाजार भरलेला असताना तिनं झेंडूसाठी कागद ओढला.

"स-र द-र्द की बे-मि-सा-ल द-वा…"

सवयीनं तोंडात धरलेली लवंग खाली पडली. हॉटेलात वस्तादांनी कपबशी ठेवली, उठले आणि सरळ तिच्या दुकानापुढे येऊन उभे राहिले. मनकर्णाबाईच्या डोळ्यांपुढे पार्बताबाईची अर्धी पाटी आली. हात जोडून ती म्हणाली, तोंड माझं, शिक्षा मला करा, बायांच्या खोलीला कुलूप लावू नका.

इकडेतिकडे बघून वस्तादांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि झेंडूवर ठेवला.

"शकुन येईन आता गजरा न्याले. याच्यात बांधा. आन जरा मोठ्यानं वाचा."

मनकर्णाबाईनं जोडलेले हात सोडले.

"त्या शनवारचं पत्र म्या टपालात टाकलंच नव्हतं," वस्ताद मिशीआडून पुटपुटले. "तिले वाचता येत नाई. तिथं तिचा भाऊ समद्यायपुढं वाचून दाखोते. म्हून ते रद्दीत टाकून दुसरं धाडलं, नुसतं खुशालीचं. तुमी वाचलेलं बाजारातूनच तिच्या कानावर गेलं, अन दुसऱ्या गाडीनं आली. मले तोंडानं बोलता येत नाई, बाई. अजून बी नाई."

ते हॉटेलात जाऊन पाठ करून बसले. थोड्या वेळानं शकुन आली. मनकर्णाबाईनं कागद सरळ धरला आणि अर्धा बाजार ऐकेल अशा आवाजात शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. शकुननं पदर तोंडाला लावून सगळं ऐकून घेतलं, गजरा बाजूला काढून केसांत माळला आणि कागद तेवढा घडी करून कनवटीला खोचला.

दिवाळी संपल्यावर वर्ग भरला तेव्हा अकराच्या बारा बाया झाल्या होत्या. नवी कोरी पाटी घेऊन शकुन पहिल्या रांगेत बसली होती.

"मास्तर, मले जरा घाईनं शिकवा," ती म्हणाली. "घरात टरंकभर कागद हायेत, न धाडलेले."