डावा सिग्नल आणि दिगंबरकाकांचा नेम

बिघडलेली वस्तू दुरुस्त करायला हातोडी लागत नाही, पद्धत लागते! हे वाक्य मी त्या शनिवारी सकाळी डेव्हन ॲव्हेन्यूवर, दिगंबरकाकांच्या साड्यांच्या दुकानासमोर उभं राहून मोठ्याने म्हटलं. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेल्या मुलीला असं बोलायचा हक्क आहे, असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगू? अजूनही वाटतं!

गाडी त्र्याहत्तर सालची, म्हणजे पंच्याऐंशीत अगदीच वयस्कर. आधी ती काकांची. मला नोकरी लागली ती शिकागोबाहेरच्या एका लॅबमध्ये, जिथे बस जातच नाही, म्हणून त्यांनी ती मला देऊन टाकली. सोमवारी रुजू व्हायचं होतं, लायसन्सची टेस्ट त्याच शनिवारी दुपारी होती आणि गाडीचा डावा सिग्नल मनात आलं तरच लुकलुकत होता! सिग्नल बंद असला तर परीक्षक गाडीत बसतसुद्धा नाही. मग लायसन्स कुठलं आणि नोकरी कुठली!

"विनीता, मेकॅनिककडे ने गं," वसुधाकाकू दुकानाच्या दारातून म्हणाल्या.

"काकू, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निरीक्षण करायचं. बस्स!"

आधी फ्लॅशर बदलला, म्हणजे दिवा लुकलुकवणारी ती छोटी डबी. सिग्नल लागला! काकूंनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या, सिग्नलही थांबला. तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले की गप्प होणारी मुलं असतात ना, तस्सा!

मग मी स्टिअरिंगखालच्या वायरींमध्ये डोकं घातलं आणि काकांना गाडीसमोर उभं केलं.

"काका, ओरडू नका, ट्रॅफिकमध्ये ऐकू येत नाही. दिवा लागला की हात असा पुढे ओढा, गेला की असा मागे ढकला."

काका कामाला लागले. ये ये ये... जा! ये ये... जा!

आता, शनिवारी डेव्हनवर पार्किंग मिळणं म्हणजे लग्नात पहिल्या पंगतीला पाट मिळणं! माझ्या गाडीचा मागचा डावा दिवा पेटलेला, पुढे काका दोन्ही हातांनी बोलावतायत. मिल्वॉकीहून किराणा भरायला आलेल्या एका गृहस्थांनी आपली लांबलचक स्टेशन वॅगन माझ्यामागे थांबवली. वॅगनमागे बस थांबली. बसमागे अख्खं शिकागो!

गृहस्थ उतरून आले. "बेटी, निकल रही हो ना?"

"नहीं अंकल, मी नुसतं टेस्ट करतेय!"

"तो वो भाईसाहब हमें बुला क्यों रहे हैं?"

"मी कुणालाही बोलवत नाहीये!" काका लाल झाले. "मी निरीक्षण करतोय, निरीक्षण!" आणि त्यांनी संतापाने बंपरवर दाणकन मूठ हाणली.

दिवा लागला! लुकलुक, लुकलुक!

मी गाडीतून उडीच मारली. "काका, परत मारा!"

"कुणाला?"

"बंपरला हो!"

मारलं, गेला. मारलं, आला. म्हणजे दोष आत नव्हताच, इथे होता, बंपरमध्ये बसवलेल्या दिव्यात! मी स्क्रू काढले. दिव्याच्या काचेला बारीक चीर, आत हिरवट-पांढरी खपली, आणि त्या खपलीत अडकलेला, साक्षात, नारळाच्या शेंडीचा धागा!

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा ह्यांनी इथेच नारळ फोडला होता."

"एका घावात," काकांनी भर घातली.

"काका, नारळाच्या पाण्यात क्षार असतात. ते चिरेतून आत गेलं आणि सगळं गंजलं."

"म्हणजे देवाचा नारळ बाधला म्हणतेस?"

"देवाचा नारळ नाही हो, तुमचा नेम!"

काकूंनी पर्समधली नखं घासायची पट्टी दिली. बस हॉर्न देत होती, मी घासत होते. धातू चकचकीत झाला, चिरेवर टेप चिकटवली, बटण दाबलं. लुकलुक! पुन्हा दाबलं. लुकलुक! बसमधली माणसं टाळ्या वाजवायला लागली. नोबेल मिळवणाऱ्यांना याहून वेगळं काय वाटत असेल, मला कल्पना नाही.

काका शेजारी बसले आणि मी खरोखरचा डावा सिग्नल देऊन बाहेर पडले. मिल्वॉकीकरांनी आशीर्वाद देत जागा पटकावली.

मी पास झाले! पहिल्या फटक्यात! परीक्षक सिग्नलबद्दल चकार शब्द बोलला नाही, याहून मोठं सर्टिफिकेट ते कोणतं?

परतलो तर काकू कुंकू आणि नारळ घेऊन दारात उभ्या. काकांनी बाह्या सरसावल्या.

"थांबा!" मी म्हटलं. शास्त्र शिकलेल्या माणसाने सूचना कशी नेमकी द्यावी! "काका, डाव्या दिव्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब फोडा."

काकांनी आज्ञाधारकपणे मान डोलावली, नारळ घेतला आणि बंपरच्या कडेकडेने चालत थेट दुसऱ्या टोकाला गेले.

एका घावात फोडला!

सोमवारी मी लॅबमध्ये वेळेवर पोचले. घरातून जरा लवकर निघाले होते, एवढंच. उजवीकडे वळायचं आलं की दर वेळी तीनदा डावीकडे वळावं लागत होतं ना!